पटकीच्या साली मी शिवेवर बैल सोडले

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली आमच्या चारठाण्याकडच्या खेड्यात पटकी आली. तिसरा माणूस गेला तसं गावानं मरीआईचा गाडा काढला. लाकडाचा लहान गाडा, त्यात देवी, लिंबं, हिरव्या बांगड्या. तो पुढच्या गावाच्या शिवेत नेऊन सोडायचा, म्हंजी रोगराई तिकडं जाते. पुढच्या गावानं तो पळवत पलीकडच्या शिवेवर टाकायचा, अशी रीत. ओढायचं काम पिढ्यान् पिढ्या आमच्या लोकांकडं. मी साफ न्हाई म्हणलो. बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून आमी ते सोडलं होतं. मग गाववाल्यांनीच ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वावराचा पाटील माझ्या दारात. गाड्यापायी माझ्यावर सगळ्यात जास्त हाच ओरडला होता. त्याच्या बायकोला जुलाब-वकाऱ्या लागलेल्या, डोळे खोल गेलेले. त्याची गाडी बाहेरगावी आन् भाऊबंद दार उघडंनात.

"जिंतूरच्या दवाखान्यात न्यायचं हाय," एवढंच म्हणला. मी बैल जुपले.

पुढच्या गावाच्या शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या, दहा-बारा जण काठ्या घेऊन उभे.

"माघारी फिरव! काल एक गाडा सोडला, आज दुसरा आणला का?"

"गाडा न्हाई, बाई हाय. जिती हाय."

"मरीआईच हाय ती. चल, माघारी!"

पाटील त्यांच्या पाया पडायला लागला. मला ते बघवंना. मी गाडी शिवेच्या दगडापुढं, त्यांच्या हद्दीत घेतली, जुवाखाली टेकू लावला आन् बैल सोडले.

"ए, हे काय करायलास?"

"सोडला गाडा. तुमच्या शिवेत हाय. आता तुमची रीत तुमी करा."

मी देवी मानत न्हाई, पण ते मानत होते. त्यांच्यातला एक म्हातारा खेकसला, "बघत काय बसलाव? जुपा ते बैल! पळवा ह्याला!"

मग काय! त्यांनीच बैल जुपले, त्यांनीच काटे ओढले. निम्मे पुढं ओरडत, निम्मे मागून चाकाला रेटा देत. पलीकडच्या शिवेवर त्यांनीच पुढच्या गावाला हाळी दिली. तीन गावांनी मिळून मला जिंतूरच्या वाटेला लावलं. माझे बैल जन्मात तसे पळाले न्हाईत.

डॉक्टरला नाडी लागंना. सलाईनच्या बाटलीमागं बाटली लावली. दिवस कलताना बाईनं डोळे उघडले आन् नवऱ्यावर डाफरली, "म्हशीला वैरण कोण टाकली?" पाटील लेकरावानी रडला.

घरी आमची मालकीण म्हणली, "देवी सोडली म्हणता, आन् तिच्याच नावावर गाडी हाकली!"

"हाकली. बाई जगली का न्हाई?"

चार दिवसांनी त्यांना आणायला गेलो. पाटील म्हणला, "आडवाटेनं जाऊ, ते गाव नको."

"पाटील, गेलो त्याच वाटेनं यायचं."

भर दुपारी त्या गावातून गाडी काढली, बाईला समोर बसवून, बैल अगदी दमानं हाकत. काठीवाले पारावर बसलेले. एकानं तिच्याकडं टक लावली.

"राम राम, दादा," बाई म्हणली.

त्याला उठून उभं राहावं लागलं.

"राम राम, बाई."