पहिली ओळ कोणी काढली?

"मले काईच येत नाई असं धरा, भाऊ, आन सांगा."

कोणतीही वस्तू समोर ठेवली की बाई चष्मा कपाळावर सरकवून हेच म्हणायच्या. चिमूरला माझ्या दुकानाशेजारी त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. तुमच्याही तालुक्याच्या गावी अशी एखादी बाई तुम्ही पाहिली असेल. दिवसभर लोकांचे अर्ज भरते, आणि कोणत्या रकान्यात माणूस अडतो हे साहेबापेक्षा तिला जास्त ठाऊक असतं.

मी झटका मशीन विकतो. शेताभोवती तार ओढायची आणि तिला ही सौर बॅटरीवरची मशीन जोडायची. रानडुक्कर तारेला लागलं की झटका बसतो. मरत नाही, पळतं. आठवडी बाजारात सायकलवरून फिरून फवारणीचे पंप दुरुस्त करत मी या दुकानापर्यंत आलो, कोणाच्या उपकारानं नाही. म्हणून कंपनीची माहितीपुस्तिका पाहिली की माझं डोकं फिरायचं. चाळीस पानं, आणि त्यात "उपकरणाचे भूसंपर्कन सुनिश्चित करावे" असली मराठी! हे लिहिणाऱ्यानं उभ्या जन्मात शेतात एक खुंटी तरी ठोकली असेल का? मशीन उलटसुलट जोडून लोक यायचे ते माझ्याच अंगावर.

एकदा ती पुस्तिका मी बाईंच्या टेबलावर आपटली. "हे सारं एका पानात लिवून द्या."

"भूसंपर्कन म्हंजे?"

"अर्थिंग."

"अर्थिंग म्हंजे?"

"अवो बाई, लोखंडी सळी जमिनीत ठोकाची!"

"मंग असं बोला ना. किती खोल? कोरड्यात का ओल्यात?"

तासभर त्यांनी मला पिळून काढलं. मी घाम पुसत होतो, त्या लिहीत होत्या: "सळी ओलसर जागी ठोका. कमरेएवढी आत गेली पाहिजे."

जन्मभर भाव करत आलो, तिथंही केला. "दहा ओळी. जास्त कोनी वाचत नाई."

"सोळा."

"बारा."

"चौदा, आन अक्षर मोठं," असं म्हणून त्यांनी सोळाच लिहिल्या.

कागद तपासायची त्यांची रीत वेगळीच होती. झेरॉक्सच्या रांगेत जो पुढे असेल त्याला माझ्या दुकानात आणायचं. तिथं नमुन्यासाठी दोन खांबांवर तार ओढलेली होती. त्याच्या हातात कागद द्यायचा आणि आपण तोंडाला पदर लावून बसायचं. माणूस अडला तरी सांगायचं नाही. मी तोंड उघडलं की डोळे वटारायच्या. "तुमी त्याच्या वावरात जाऊन बसनार हाय का?"

पहिल्या कागदावर एक ओळ होती: "तारेला हात लावा, पण त्याआधी मशीन बंद आहे का पाहा." एक म्हातारबा बोट ठेवून वाचत होते. अर्धी ओळ वाचली, तार धरली, आणि "अबबब!" करत थेट माझ्या पंपांच्या खोक्यांवर जाऊन बसले. सगळे हसले. मी तर पोट धरून.

"हासून काय राह्यला बे?" म्हातारबा माझ्यावर ओरडले. "कागदानंच सांगतलं ना!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी म्हातारबांना पाणी दिलं. "चूक तुमची नाई, बाबाजी. मीच उलटं लिवलं." मग ओळ फिरवली: "आधी मशीन बंद करा. मगच तारेला हात लावा." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाचता वाचता हात चालते, भाऊ."

पुढं त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारू लागल्या. "झडीत चार दिवस ऊन नाई, बॅटरी बसली, मंग काय करसान?" कोणी ना कोणी अगदी सहज म्हणायचं, "त्याले काय होते? तारेले घरची लाईट जोडून देऊ."

ते ऐकलं आणि बाईंनी कागदाच्या डोक्यावर ठळक लिहिलं: "मशीन बंद पडली तरी तारेला घरची लाईट लावू नका. माणूस मरेल. तुमच्याच घरचा."

मी भडकलो. "मी मशीन विकतो का मौत? खाली घ्या ते."

"बाकी साऱ्या ओळींचा भाव करा. हिचा नाई."

ओळ वरच राहिली, आणि प्रत्येक खोक्यात मी तो कागद टाकू लागलो. मग नागपूरहून कंपनीचा साहेब आला. कागद पाहून खूश झाला, फोटो काढून घेऊन गेला. वर्षभरानं खोक्यांमध्ये नवी रंगीत घडीपत्रिका आली. ओळी बाईंच्याच, शब्दाला शब्द. नाव मात्र कुठं नाही. माझं रक्त उकळलं. बाईंनी ती उलटून पालटून पाहिली.

"नाव गेलं त गेलं. पहिली ओळ कुठी हाय?"

ती मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत होती: "अनधिकृत विद्युतजोडणी टाळावी." मी साहेबाला फोन लावला. तो म्हणाला, पहिल्याच ओळीत मरण असलं तर माल उठत नाही. वर ताकीद दिली: खोक्यात दुसरा कागद टाकलात तर एजन्सी विसरा. मी त्याला मोजून शिव्या दिल्या, पण फोन ठेवल्यावर. आणि बाईंचा कागद टाकणं बंद केलं. त्यांना सांगितलं नाही.

त्याच पावसाळ्यात जवळच्या एका गावात एकाची बॅटरी बसली. त्यानं तारेला घरची लाईट दिली आणि सकाळी काढायचं विसरला. त्याची बायको धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, गवत कापायला गेली, ती परत आली नाही. मशीन माझ्या दुकानातून गेलेली.

बाई आल्या तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. "भाऊ, त्या खोक्यात आपला कागद होता का?"

मी कंपनीच्या सात पिढ्या उद्धरायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी कंपनीचं नाई इचारलं," म्हणाल्या, आणि गेल्या.

त्या आठवड्यापासून त्या बाजारात कागदाच्या प्रती घेऊन बसू लागल्या. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायच्या. मीही कागद पुन्हा सुरू केला, आत नाही, खोक्यावर बाहेरून चिकटवून. एजन्सी गेली नाही. धमकी पोकळ होती. समोरच्याची पोकळ धमकी ओळखून भाव पाडण्यात माझी हयात गेली, आणि तीच एक मला ओळखता आली नाही. हा राग कोणावर काढू?

मागच्या थंडीत बाई गेल्या. चार दिवसांचा ताप, एवढंच.

आता कंपनीनं नवी मशीन काढली आहे. तिची बॅटरी घरच्या लाईटवरही चार्ज होते. साहेबाला ही मोठी सोय वाटते. मी कागद दुरुस्त करायला बसलो. लिहिलं: "घरची लाईट मशीनला लावा, तारेला लावू नका." बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हंजे लावाची का नाई लावाची?" फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. महिना झाला.

साहेब फोनवर विचारतो, माल का उठत नाही. खोकी समोर रचून ठेवली आहेत. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी नाही म्हणतो.

"काऊन? खराब हाय का?"

"मशीन चांगली हाय," मी सांगतो. "कागद अजून झाला नाई."