ट्रकच्या दाराजवळची पेटी

मला त्या माणसाचा संशय आला तो त्याच्या चांगुलपणामुळे. शनिवारी सकाळी सगळे डोळे चोळत उभे असताना जो माणूस हसतमुखाने सर्वांसाठी डोनट घेऊन येतो, त्याला काहीतरी हवं असतं. हे मी पुण्यात सोसायटीच्या कमिटीवर असताना शिकलो होतो, आणि अमेरिकेत येताना बरोबर आणलं होतं.

वेस्ट विंडसरला आमच्या हायस्कूलमध्ये मार्चिंग बँडचा सीझन सुरू झाला, की मुलांबरोबर आईबापही भरती होतात. मुलं मैदानावर चालत चालत वाजवतात. आईबाप पाणी वाटतात, गणवेशांची बटणं लावतात, आणि मुलांच्या मागे उभे करायचे भलेमोठे रंगीत पडदे चाकांवरून ढकलतात. मी ट्रक भरणाऱ्यांत होतो. डोनटवाला तिथला मुख्य. उंच, दाढीवाला, कमरेला कायम मोजपट्टी लटकवलेला. मनातल्या मनात मी त्याला ट्रकसम्राट म्हणायचो.

माझी मुलगी मेलोफोन वाजवते. मेलोफोन म्हणजे ट्रम्पेटचा खात्यापित्या घरचा चुलतभाऊ; बँडमध्ये त्याला नुसतं हॉर्न म्हणतात. शाळेचं शेवटचं वर्ष, शेवटचा सीझन, आणि यंदा सोलो तिला मिळाला होता. मैदानाच्या मधोमध तिने एकटीने वाजवायचं आणि बाकीच्या बँडने गप्प उभं राहायचं. त्यासाठी सगळा उन्हाळा तिने आमच्या गराजमध्ये घुमवला होता. तिला ऐनवेळी काही झालंच, तर सोलो वाजवायला दुसरी एक मुलगी राखीव ठेवलेली होती. ती ट्रकसम्राटाची मुलगी.

झालं. मला आणखी काय पुरावा हवा होता?

पण पुरावाही मिळाला. ट्रक भरताना जास्तीच्या वाद्यांच्या काळ्या पेट्या अगदी आत रचल्या जायच्या, मग पडदे चढायचे, मग मुलांच्या पेट्या, आणि माझ्या मुलीची पेटी सगळ्यात शेवटी, एकटी, दाराला टेकून. दर शनिवारी. स्वतः सम्राटाच्या हाताने. आमच्याकडे प्रवासात सामान सीटखाली अगदी आत ढकलतात, जमलं तर साखळीने बांधतात, आणि तरी रात्रभर एक पाय त्यावर ठेवून झोपतात. दाराजवळ ठेवायची ती कचऱ्याची पिशवी.

“मुद्दाम ठेवतो,” मी बायकोला सांगितलं. “दार उघडलं की पेटी खाली. हॉर्नला पोचा आला की सोलो त्याच्या घरात.”

“अहो, तो माणूस आठवडाभर नोकरी करून शनिवारी फुकट राबतो.”

“तेच म्हणतोय मी. फुकट का?”

“तुम्ही का राबता?”

“मी लक्ष ठेवायला जातो.”

“मग तोही त्यालाच येत असेल,” असं म्हणून ती फोनवर बहिणीशी बोलायला निघून गेली.

त्या वर्षी स्पर्धा नेमकी दसऱ्याच्या दिवशी आली. आमच्या घरी दसऱ्याला माझ्या वडिलांची स्कूटर, आईची विळी आणि शेजाऱ्यांचा हवा भरायचा पंप, सगळ्यांची पूजा व्हायची. इथे मी लॅपटॉपला गंध लावतो आणि मेलोफोनला फूल वाहतो. पण यंदा हॉर्न शुक्रवारच्या सरावानंतर थेट ट्रकमध्ये जाणार होता. म्हणून मी खिशात कुंकवाची पुडी आणि एडिसनच्या इंडियन दुकानातून आणलेला झेंडू घेऊन ट्रक भरायला गेलो.

सगळे पहिला पडदा आणायला गेले तेव्हा मी एकटाच आत होतो. दाराशी वेगळी ठेवलेली मुलीची पेटी उघडली, हॉर्नच्या बटणांना कुंकू लावलं, पेटीच्या मुठीत झेंडू खोचला. आणि मग, एवढी पूजा करून दाराजवळ कशी ठेवायची, म्हणून ती ट्रकच्या पार शेवटच्या कोपऱ्यात, इतर पेट्यांच्या मागे नेऊन दडवली. तिच्या जागी, दाराशी, कुणाची तरी दुसरी पेटी ठेवली. बाहेर वळलो तर दारात सम्राट.

“काही शोधतोयस का?” तो म्हणाला. (इंग्रजीत. मी मराठीत सांगतोय.)

“नाही. बघतोय.”

“काय?”

“ट्रक.”

त्याने ट्रककडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाढी खाजवली. चोराच्या मनात काय असतं ते मला तेव्हा स्पष्ट दिसलं. चोर कोण, एवढंच नीट दिसलं नाही.

शनिवारी दुसऱ्या गावच्या शाळेत पोचलो. सम्राटाने दार उघडलं, सवयीने हात घातला, पेटी काढून माझ्या मुलीला दिली. तिने उघडली. आत सॅक्सोफोन.

“बाबा, माझा हॉर्न कुठंय?” तिने मला का विचारावं? ट्रकचा मुख्य शेजारी उभा असताना? पण मुलं बापाला ओळखून असतात.

“सेफ आहे,” मी म्हणालो. “एकदम आत.”

“एकदम आत म्हणजे?”

मी बोट दाखवलं. मध्ये पडद्यांची भिंत. पार्किंगमध्ये इतके ट्रक खेटून उभे होते, की आमचा नंबर येईपर्यंत पडदे उतरवायला जागा नव्हती. बाकीची मुलं आपापली वाद्यं घेऊन, ती फुंकून गरम करायला निघाली होती. राखीव मुलगी आपला हॉर्न पुढे करत म्हणाली, “माझा घे.” पण मग ती रिकाम्या हातांनी चालणार. बँडचे सर येऊन तिला हळूच म्हणाले, “तूच तयार राहा.” माझ्या मुलीचा चेहरा मला बघवेना. मी सम्राटाचा बघितला. तो खूश दिसत नव्हता. पण काही लोक तेही लपवतात.

“पडद्यांच्या खालून एक माणूस सरपटत जाऊ शकेल,” तो म्हणाला.

“कोण?” मी विचारलं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

माझ्या पोटाचा आणि त्या फटीचा आधी काही करार झालेला नव्हता. तरी मी कोपरांवर सरकत, केसांत ट्रकभरची धूळ घेत, त्या टोकाला पोचलो. अंधार. फोन बाहेर जॅकेटमध्ये. आणि सगळ्या पेट्या काळ्या, एकाच आईच्या.

“ओळखू कशी?” मी आतून ओरडलो.

बाहेरून सम्राटाचा आवाज आला, “फूल खोचलंयस ना तू? ती!”

म्हणजे याने पाहिलं होतं. निदान फूल खोचताना तरी. मग हात लांबवत चाचपडत गेलो, आणि झेंडू लागला.

परत येताना मधोमध अडकलो. शेवटी सम्राटाने दोन्ही पायांना धरून मला बाहेर ओढलं. पेटी छातीशी कवटाळलेली, शर्ट बगलेपर्यंत वर. मुलीने तिथेच जमिनीवर पेटी उघडली, हॉर्न उचलला, आणि तिच्या पांढऱ्या हातमोज्याची बोटं लाल झाली.

“बाबा. यू डिडन्ट.”

“दसरा आहे ना गं,” मी म्हणालो.

ती पळाली. गरम करायची वेळ संपली होती. बँड मैदानाच्या फाटकाशी उभा होता.

तिचा सोलो आला तेव्हा मी एका पडद्यामागे वाकून बसलो होतो. शेजारी सम्राट. पहिला सूर फाटला. सगळ्या स्टेडियमला ऐकू जाईल असा फाटला. मग एक श्वास, आणि पुढचं सगळं तिने असं वाजवलं, की मी पडद्याची दांडी सोडून उभाच राहिलो आणि सम्राटाने मला कॉलर धरून खाली बसवलं.

“गार हॉर्न पहिला सूर फोडतो,” तो पुटपुटला. “म्हणून सोलोवाल्याची पेटी मी शेवटी चढवतो. पहिली उतरते, जास्त वेळ मिळतो.” मग पडद्याची दांडी माझ्या हातात परत देत, “तू ट्रकमध्ये काहीतरी लपवतोस असं मला सीझनभर वाटत होतं. लक्ष ठेवून होतो.”

मला त्याच्याबद्दल काय वाटत होतं, ते त्याने विचारलं नाही. मीही आपणहून विषय काढला नाही.

घरी जाताना मुलगी हातमोज्यावरचं कुंकू खरवडत होती. मग म्हणाली, “पहिला सूर तुझा. बाकीचा सोलो माझा. ओके?”

“ओके.”

“अँड नेक्स्ट वीक यू आर ऑन वॉटर.”

पुढच्या शनिवारी मी पाण्याच्या गाडीवर होतो. ट्रक आता मला दुरूनच बघावा लागत होता. दार उघडलं, पहिली पेटी माझ्या मुलीची निघाली, ती हॉर्न गरम करायला धावली. सगळं ठीक. त्यामागून राखीव मुलीची पेटी उतरली. तिच्या मुठीत एक पिवळं फूल खोचलेलं होतं. शेवंतीचं, घरापुढच्या कुंडीतलं असावं.

सम्राटाने लांबून मला हात केला. मीही केला. आवडलं त्याला आपलं काहीतरी, म्हणून मला क्षणभर भरून आलं. मग विचार आला. फूल वाहतात ते मनातलं काहीतरी मागून. बापाने मुलीसाठी काय मागावं? तिचं भलं. पण राखीव मुलीचं भलं नेमकं कशात असतं?

मी पाण्याची गाडी जराशी ट्रककडे सरकवून घेतली.