धूर विचारायचा तो दारातून

वर्गात कुणी प्रश्न विचारला की देशमुख मॅडम आधी विचारणाऱ्याकडं बघायच्या, मग समोरच्या परीक्षानळीकडं, आणि म्हणायच्या, "मला काय विचारतोस? त्यालाच विचार की." त्या कधी खुर्चीत बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. विश्रामबागच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्राचा तास म्हणजे मॅडमच्या येरझाऱ्या आणि त्यांच्यामागं फिरणाऱ्या आमच्या माना.

तासगावकडचा एक द्राक्षवाल्याचा मुलगा होता. त्यानं एकदा विचारलं, "मॅडम, मोरचूद निळंच का असतं?" बागेवर फवारून त्याचे हात कायम निळसर असायचे. मॅडमनी मोरचुदाचा खडा नळीत घालून तापवला. निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरली.

"रंग जळाला की वो!" तो म्हणाला.

मॅडमनी त्यावर पाण्याचा थेंब सोडला. भुकटी परत निळी झाली. "जळालेलं असं माघारी येतं व्हय रं?" सगळा वर्ग हसला. मग येरझाऱ्या घालत त्यांनी सांगितलं, की मोरचुदातल्या तांब्याभोवती पाण्याचे रेणू बांधलेले असतात, त्या बांधणीमुळं तांबं उजेडातला तांबडा भाग गिळतं आणि उरलेला निळा आपल्याला दिसतो. "रंग बघताना एवढंच बघायचं, कोण कुणाला धरून बसलंय." हे वाक्य त्या वर्षभर म्हणत राहिल्या. सोनं गंजत का नाही, सोडियम रॉकेलात का ठेवतात, काहीही विचारा, गाडी शेवटी तिथंच यायची.

माझी बारावी अर्धीच झाली. वडिलांच्या पाठीचं ऑपरेशन झालं, घरात कमावतं कुणी उरलं नाही, आणि सेलमच्या मामांनी मला बोलावून घेतलं. आमच्या विट्याकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. जुन्या दागिन्यांतली भेसळ काढून सोनं-चांदी शुद्ध करायची, तो हा धंदा.

निरोप घ्यायला गेलो तेव्हा वाटलं, मॅडम रागावणार. त्यांनी एवढंच विचारलं, "चांदी कशात विरघळवतात तिथं?"

"तेजाबात. आपलं नायट्रिक ॲसिड."

त्यांच्या येरझाऱ्या थांबल्या. "पवार, सगळं विचारायचं, पण एक गोष्ट विचारत बसायची नाही. तांबूस धूर दिसला की बाहेर पडायचं. आणि कुणाच्या छातीत गेला, तर तो माणूस बरं वाटतंय म्हणाला तरी ऐकायचं नाही. हा धूर आत शिरला की लगेच बोलत नाही. पाच-सहा तासांनी बोलतो." मग स्वतःहून फोन नंबर दिला.

मामांना मी हे सांगितलं तर ते हसले. "लय शिकून आलाय बघा! आमच्या तीन पिढ्या ह्या धुरात गेल्या." आमच्या धंद्यात भांड्यावर वाकून बघायची रीत आहे. धूर विरळ झाला की चांदी विरघळली असं समजायचं.

एका सकाळी धूर ओढणारा पंखा बंद पडला होता. तरी मामा वाकले. खोकले, बाहेर येऊन पाणी प्यायले. दुपारी पोटभर जेवले आणि मला म्हणाले, "बघ, काय झालंय मला?" माझं काही जेवण गेलं नाही. संध्याकाळी चहा पिताना ते दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घ्यायला लागले. मी बाहेर जाऊन मॅडमना फोन लावला.

"रिक्षा बोलाव. डॉक्टरला सांग, नायट्रिकचा धूर आहे. सकाळची वेळ सांग. ठेव फोन."

एरवी प्रश्नाशिवाय वाक्य न संपवणाऱ्या मॅडमनी त्या फोनवर मला एकही प्रश्न विचारला नाही. त्या आवाजाची मला अजून भीती वाटते. मामा "उगं खर्च नगं" म्हणत असताना मी त्यांना रिक्षात ढकललं. तुटक्या तमिळमध्ये आणि हातवाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितलं. छातीत पाणी धरायला लागलं होतं. रात्री झोपू दिलं असतं तर सकाळी उठले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

मामा वाचले, घरी आले, नवा पंखा बसवला. आणि पहिल्याच दिवशी परत भांड्यावर वाकले. सवयच ती. मी पाठीमागून शर्ट ओढायचो, ते झिडकारायचे. पुढच्या खेपेला कुणाला वेळेत कळलंच नाही तर, हा विचार मला जेवताना, झोपताना सोडायचा नाही.

यंदा यात्रेला गावी आलो तेव्हा मामाच म्हणाले, "चल, तुझ्या मॅडमच्या पाया पडून येऊ." मॅडम आता निवृत्त होऊन साताऱ्यात भावाकडं राहतात. गुडघे गेलेत, त्यामुळं अखेर खुर्चीत बसलेल्या दिसल्या. पण बसल्या जागी पाय हलतच होते.

मामांनी स्टँडवर घेतलेले पेढे पुढं ठेवले. "साताऱ्यात येऊन साताऱ्याचेच पेढे?" मॅडम म्हणाल्या.

मामांनी हात जोडले. "तुमच्यामुळं जित्ता हाय."

"माझ्यामुळं नाही. ह्यानं ऐकलं म्हणून. तुम्ही ऐकलं का? अजून वाकता?"

मामांनी पेढ्यांचा पुडा उगाच सरळ केला. मग म्हणाले, "मॅडम, एक इचारू? चांदी पांढरी, तेजाब पाण्यावाणी. मग धूर तांबूस कुठनं येतो वो?"

मॅडमचे पाय थांबले. "तीन पिढ्या धुरात, आणि हे आज विचारताय?" त्या इतक्या खूश झाल्या की खुर्चीतून उठायलाच बघत होत्या. "मला काय विचारताय? त्यालाच विचारा की." मग बोट वर केलं. "फक्त दारात उभं राहून."

परवा सेलमला भांड्यातून धूर उठला, तेव्हा मी शर्ट ओढायला पुढं झालो. मामा आधीच दारात येऊन उभे होते, डोळे बारीक करून आत बघत. "चांदीतनं न्हाई, तेजाबातनंच येत आसल का रं?"

उत्तर मला येत होतं. पण मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "त्यालाच विचारा की."