मनोहरकाकांचा एकट्याचा डाव आणि माझं एक वाक्य

मनोहरकाका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वडनेरला बायकांच्या एका सभेत होते. भाषणाला उठणार तेवढ्यात भावाचा फोन आला. "हार्डवेअरवाले काका गेले. सकाळीच." मी फोन ठेवला आणि बोलले... नेहमीसारखीच बोलले, टाळ्याही पडल्या. परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. आली ती लाज. नऊ वर्षांपूर्वी मी त्यांच्याबद्दल एक खोटं वाक्य छापलं होतं आणि ते दुरुस्त करायचं राहून गेलं होतं. राहून गेलं असंही म्हणू नये. मी ते केलं नव्हतं.

नालवाडीत आमची घरं समोरासमोर. मधे रस्ता, तोही बारका. आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं यायची. वडील चळवळीतले, पत्रकांना घड्या घालणं, गठ्ठे बांधणं, चौकात वाटणं यातच मी अक्षरं शिकले. समोर काकांचं घर म्हणजे दुसरंच जग. वर्ध्याच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि घरी मधल्या खोलीत फळ्या जोडून केलेलं एक मोठं टेबल. परदेशी गेलेल्या भाच्याने त्यांना कधीतरी युद्धाच्या खेळाच्या नियमांचं पुस्तक पाठवलं होतं. पुस्तकच आलं, शिपाई आले नाहीत. मग काकांनी ते दुकानातून आणले. बोल्ट डोक्यावर उभा केला की शिपाई, आणि जखमी झाला की त्याच्या गळ्यात एक वायसर. नदीसाठी निळ्या प्लॅस्टिकची पट्टी, डोंगरासाठी पोत्याखाली विटांचे तुकडे. रविवारी दुपारी चारपाच मोठी माणसं त्या टेबलाभोवती तावातावाने भांडायची आणि काकू आतून ओरडायच्या, "कोणी मेलं असन तर सांगा, चहा कमी टाकते!"

पंधराव्या वर्षी मीही खेळायला लागले. काकांचा आवडता डाव एकट्याचा. पुलाच्या तोंडाशी एकच बोल्ट, समोरून बारा चालून येतात. मागे गाव नदी ओलांडत असतं. एकटा आठ फेऱ्या टिकला तर गाव वाचलं. तो स्वतः वाचेल असं नियमात कुठेच नव्हतं. पहिल्यांदा तो बोल्ट माझ्याकडे आला तेव्हा मी आवेशाने पुढे धावले, दोघांना मारलं आणि तिसऱ्याच फेरीत घेरली गेले. काका हसले. "पुढं काऊन गेली? तिकडं तुले चारी बाजूनं हात लावता येते. पुलावर ये, तिथं एका टायमाले एकच येऊ शकते." दुसऱ्या डावात मी पुलावर उभी राहिले, समोरच्याला जखमी केलं आणि त्याला संपवायला फासा उचलला. त्यांनी माझा हात धरला. "थांब. याले मारलं तर हा टेबलावरून उठते, अन् मागचा ताजा पुढं येते. जखमीचा वार निम्मा, अन् त्याले मागंही फिरता येत नाई. तो उभा आहे तवरोक वाट अडून राह्यली." "मग मी करू काय?" "उभी राह्य. फेऱ्या मोज, मेलेले नको मोजू." त्या दिवशी मी सात फेऱ्या टिकले. आठवी मला कधीच जमली नाही.

कॉलेजात गेल्यावर मी टेबल सोडलं. अभ्यासमंडळात युद्धाविरुद्ध बोलायचं आणि रविवारी बोल्ट सरकवायचे, हे मनाला पटेना. काकांना तसं तोंडावर सांगितलं. "पटत नसन तर नको येऊ खेळाले," ते म्हणाले, "पण भांडाले येजो." मग १९९९चा उन्हाळा आला. सीमेवर लढाई सुरू होती, टीव्हीच्या दुकानांपुढे गर्दी उसळत होती, आणि मला त्या उन्मादाविरुद्ध पत्रक लिहायचं होतं. मंडळातल्या एकाने सांगितलं, तुमच्या समोरचे हार्डवेअरवाले रोज संध्याकाळी कारगिल मांडतात म्हणे. म्हणे! रस्ता ओलांडून पाहायला मला पंधरा पावलं लागली असती. मी लिहिलं, 'आमच्या गल्लीतला एक हार्डवेअर दुकानदार रोज संध्याकाळी टेबलावर शिखरं मांडतो आणि चहाचे घोट घेत मेलेले जवान मोजतो.' नाव घातलं नाही, गरजच नव्हती. ते वाक्य मला फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर त्या आवडीपायीच मी पाहायला गेले नाही... गेले असते तर कदाचित ते खोडावं लागलं असतं.

पत्रक वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी काकू ते हातात घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "तू येऊन पाह्यलं का व? महिना झाला, टेबल गच्चीवर आहे. माह्या कुरडया वाळून राह्यल्या त्याच्यावर!" लोक मागे लागले होते, काका, मांडा, आम्हाला लढाई समजावून सांगा. पण लढाई सुरू झाली त्याच आठवड्यात काकांनी सगळे बोल्ट पोत्यात भरून टाकले होते. "तिकडं खरे पोरं मरून राह्यले, अन् मी इथं बोल्ट सरकवू?" असं म्हणून त्यांनी लोकांना दारातूनच परत पाठवलं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. माफी मागायला नव्हे, बाजू मांडायला. काकांनी पत्रक पुढ्यात ठेवलं. "सारं वाचलं. युद्धाबद्दल लिहिलं ते बरोबर आहे, मले पटलं. एक वाक्य खोटं आहे. तेवढं दुरुस्त कर." मी म्हटलं, "काका, ते तुमच्याबद्दल नाही, प्रवृत्तीबद्दल आहे." "मंग लोक प्रवृत्तीच्या दुकानात काऊन नाई जात? माह्याच दुकानात येऊन टोमणे मारून राह्यले." मला हसू आलं, त्यांनाही आलं. पुढच्या पत्रकात दुरुस्ती घालते असं कबूल करून मी उठले. पुढच्या पत्रकात जागा नव्हती. त्याच्या पुढच्याचा विषय वेगळा होता. एका तपशिलासाठी भूमिका कशाला कमकुवत करायची, असं मंडळाचं म्हणणं पडलं. मंडळाचं म्हणजे माझंही. सगळ्यात मोठ्याने मीच ते म्हणाले होते.

रविवारची माणसं त्यानंतर आली नाहीत. एक शिक्षक होते, त्यांना शाळेत कुणी बोललं. बाकीच्यांनी कारणंही दिली नाहीत. कुरडया डब्यात गेल्या, टेबल पुन्हा मधल्या खोलीत आलं, पण आता दोन्ही बाजूंनी काका एकटेच खेळत. दोन वर्षांनी मी पुन्हा त्या दारात गेले. "भांडाले आली का खेळाले?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि बोल्ट मांडायला घेतले. ते आजारी पडेपर्यंत आम्ही खेळलो. दुरुस्तीचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही. मीच एकदा विचारलं, "तुम्ही लोकांना सांगितलं का नाही? गच्चीकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी..." फासा तळहातावर घोळवत ते म्हणाले, "सांगतलं असतं तर लोक म्हणाले असते, पोरीचं सारंच पत्रक खोटं. बाकीचं खरं होतं ना व." उद्याच छापते, असं तेव्हा तरी म्हणायला हवं होतं. मी माझी खेळी खेळले.

त्यांच्या शोकसभेला देवळाच्या सभागृहात बरीच माणसं जमली. बाजारातले एक व्यापारी बोलायला उभे राहिले. "काका म्हणजे मोठे देशभक्त! कारगिलच्या टायमाले रोज संध्याकाळी टेबलावर लढाई मांडून आम्हाले समजावून सांगत. मी सोता पाह्यलं आहे." भोवताली माना हलल्या. मी निंदा म्हणून लिहिलेलं वाक्य नऊ वर्षांत स्तुती झालं होतं, आणि त्याला साक्षीदारही मिळाले होते. पुढच्या सतरंजीवरून काकूंनी वळून माझ्याकडे पाहिलं. सभेत उठून प्रश्न विचारणारी म्हणून मला ओळखतात. मी बसून राहिले... चपला शोधायच्या निमित्ताने सगळ्यांच्या आधी बाहेर पडले.

परवा काकूंकडे गेले आणि लिहिते आहे म्हणून सांगितलं. "लिहिजो," त्या म्हणाल्या, "पण पाहून लिहिजो." त्यांनी मधली खोली उघडून दिली. टेबल भिंतीला लावलेलं आहे. त्यावर शिलाई मशीनचं झाकण, औषधांचा डबा आणि निवडायला घेतलेली तूर आहे. खिडकीकडच्या कडेला एका जागी लाकूड घासून गुळगुळीत झालं आहे, तळहाताएवढं. पुढची खेळी ठरत नसली की काका तिथे कोपर टेकून, हनुवटी मुठीवर ठेवून बसत. मी तिथे हात लावून पाहिला. मग तिथेच बसून ही दुरुस्ती लिहिली.

१९९९च्या उन्हाळ्यात नालवाडीच्या मनोहरकाकांनी टेबलावर कुठलीही लढाई मांडली नव्हती. मांडा म्हणणाऱ्यांना त्यांनी परत पाठवलं होतं. त्यांनी ती मांडली असं मी छापलं. मी पाहायला गेले नव्हते.