उल्हासनगरहून आणलेली ट्रंक

उल्हासनगरला मी पहिल्यांदा गेले ती एक पत्र्याची ट्रंक आणायला. नाशिकमध्ये आम्ही काही जण मिळून एक छोटा संग्रह चालवतो. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या आयुष्याच्या खुणा, आणि एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत ज्यांनी एकमेकांना सांभाळलं त्यांचे फोटो, फलक, कॅसेटी आम्ही तिथे जपतो. माणूस गेला की घरचे बहुतेक वेळा हे सगळं जाळून टाकतात, नाहीतर रद्दीत देतात. त्यामुळे उल्हासनगरच्या हरीशभाई नावाच्या गृहस्थांचा फोन आला तेव्हा मी फार विचार केला नाही. त्यांची इमारत धोकादायक ठरली होती, रिकामी करायची होती. पुतण्याच्या घरी त्यांची सोय झाली होती, ट्रंकेची नव्हती.

कल्याणहून रिक्षा केली. उल्हासनगर लागलं की रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंनी कापड सुरू होतं. जीन्सचे गठ्ठे दुचाकीवर, हातगाडीवर, डोक्यावर. हरीशभाई तीन नंबरच्या कॅम्पात राहत होते. (फाळणीनंतर सिंधी लोक इथल्या लष्करी छावणीत उतरले, म्हणून इथे वस्त्यांना अजून कॅम्पच म्हणतात.) जिन्याला लोखंडी टेकू लावले होते. बरेचसे बिऱ्हाडकरू निघून गेले होते आणि एका दाराबाहेर तुळशीची कुंडी तेवढी मागे राहिली होती.

साठी ओलांडलेले, किडकिडीत, इस्त्रीच्या शर्टातले हरीशभाई चेन-बटणांचं दुकान चालवायचे. मला त्यांनी आधी खायला बसवलं. दाल-पकवान होतं (कुरकुरीत तळलेली मोठी पुरी आणि हरभऱ्याची डाळ). “पहिले खा, अदी (बहीण),” म्हणाले, “ट्रंक कुठे पळून नाय जात.”

खाणं झाल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. हाताने रंगवलेला कापडी फलक, पथनाट्यातले घुंगरू, काही कॅसेटी आणि फोटो. नव्वदच्या दशकात त्यांचा मित्रांचा एक गट होता. स्टेशनच्या पुलावर उभं राहून ते निरोध वाटायचे, बाजारात पथनाट्य करायचे, आणि ज्या आजाऱ्यांना घरचे आणि दवाखान्यातले लोक हात लावत नसत त्यांना आंघोळ घालायचे. फोटो दाखवताना हरीशभाई बोटाने एकेका चेहऱ्याला टेकत होते. हा गेला, हा पण गेला, हा गावी गेला आणि तिकडेच गेला. त्या फोटोंमधले आता ते एकटेच उरले होते.

एक फोटो त्यांनी बाजूला ठेवला. नऊवारी नेसलेला, कमरेवर हात ठेवून हसणारा एक तरुण. तो विलास, अंबरनाथचा. कारखान्यात नोकरी करायचा आणि नाटकात बाईचं काम करायचा. तो फोटो असा देता येणार नाही, हे हरीशभाईंनी मला स्पष्ट सांगितलं.

“घरच्यांना विचारल्याशिवाय नाय द्यायचा. फोटो माझा आहे, पण पोरगा त्यांचा होता.”

म्हणून आम्ही अंबरनाथला निघालो. पिशवीत विलासच्या आवाजाची कॅसेट आणि हरीशभाईंचा जुना टेपरेकॉर्डर होता. अंबरनाथ पश्चिमेला विलासची चाळ जिथे होती तिथे आता उंच इमारत उभी आहे. वॉचमनला काहीच माहीत नव्हतं. बराच वेळ उन्हात भटकल्यावर एका पिठाच्या गिरणीवाल्याला ते कुटुंब आठवलं. विलासचे वडील वारले होते. धाकटी बहीण मंगल बदलापूरला असते आणि आई तिच्याकडेच असते, असं कळलं. त्याने फोन लावून दिला. हरीशभाईंनी आपलं नाव सांगितलं. पलीकडून मंगलताईंनी, या, एवढंच म्हटलं.

जाताना आम्ही शिवमंदिरापाशी थांबलो. काळ्या दगडात कोरलेल्या बायका ऊन-पावसाने झिजल्यात, तरी त्यांचा डौल गेलेला नाही. महाशिवरात्रीच्या जत्रेत याच रस्त्यावर विलासने शेवटचं काम केलं होतं. तेव्हाच तो थकला होता. मधेच खाली बसला, तर लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला आणि टाळ्या पडल्या. हे सांगून हरीशभाईंनी चप्पल काढली, देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि रिक्षात जाऊन बसले.

बदलापूरला मंगलताईंचं घर नवीन वसाहतीत चौथ्या मजल्यावर आहे. त्या एका शाळेत शिकवतात. आई आतल्या खोलीत झोपली होती. मंगलताईंनी ते दार लोटून घेतलं, मग चहा ठेवला. मी संग्रहाबद्दल सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण बघत हरीशभाईंकडे होत्या.

“दादा तुमच्याकडेच राहायचा ना?” त्यांनी विचारलं.

“हो. आम्ही एकत्र राहायचो. शेवटपर्यंत.”

“बाबा तुमचं नाव घेऊ द्यायचे नाहीत.”

हरीशभाईंनी मान डोलावली. नंतर काही वर्षांनी एड्सवरची औषधं आली, असं ते हळूच म्हणाले. त्यांना स्वतःला ती मिळाली, विलासला मिळाली नाहीत. एवढं सांगून त्यांनी टेप लावला. खरखरीतून एक आवाज आला, “थांबा, परत घेऊ. हसू नका रे कोणी.” आणि लगेच तो स्वतःच हसला.

मंगलताईंनी तोंडाला पदर लावला. दादाचा चेहरा लक्षात होता, आवाज विसरले होते, असं म्हणाल्या. टेप बंद झाल्यावर त्या बराच वेळ कप गोळा करत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, बाबांनी आम्हाला दवाखान्यात जाऊ दिलं नाही, स्मशानातही नाही. सगळं कोणी केलं?

“आम्ही मित्रांनी. अग्नी मी दिला.”

“आणि अस्थी?”

“इथेच. उल्हास नदीत, बंधाऱ्यापाशी. तेव्हा तिथे कोणी नसायचं.”

मंगलताई खुर्चीवर बसल्या. “मी रोज सकाळी तिथे फिरायला जाते,” म्हणाल्या. खाली पार्किंगमध्ये मुलं क्रिकेट खेळत होती.

फोटो आणि कॅसेट ठेवायला त्यांनी परवानगी दिली, पण नाव फक्त विलास असंच लिहायला सांगितलं. “पूर्ण नाव आई आहे तोवर नको. काविळीने गेला म्हणून ती इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलीय. आता या वयात तिला खोटं नका पाडू.” मला ते पटलं. कॅसेटची नक्कल मात्र त्यांनी मागितली, आईला ऐकवीन म्हणाल्या.

परतताना हरीशभाईंनी रिक्षा नदीकडे वळवायला लावली. पाणी कमी होतं. पलीकडे इमारतींची रांग. ते काठावर उभे राहिले आणि नुसते बघत राहिले. मी जवळ गेले नाही.

ट्रंक नाशिकला आणली. फलकाची कसर झाडली, कॅसेटींच्या नकला केल्या, विलासचा आवाज मंगलताईंच्या फोनवर पाठवला. वस्तू मिळाली की काम झालं असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटतं, या वस्तूंना वर्षानुवर्षं कुणी विचारलेलंच नसतं, आणि विचारायला जावं तर ज्यांनी सांगायचं ती माणसं थकलेली, नाहीतर गेलेली असतात.

पावसाळ्यानंतर मंगलताईंचा फोन आला. आई गेली होती. आवाज ऐकवायचा राहूनच गेला. आज ऐकवू, उद्या ऐकवू करत त्यांना धीरच झाला नाही. त्या रडत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, “आता पूर्ण नाव लिहा.”

मी लिहिलं आणि हरीशभाईंना फोन केला. ते पुतण्याकडे राहत होते, मागे टीव्ही चालू होता. त्यांनी मला ते एकदा वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. विलास, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. टीव्हीचा आवाज बंद झाला.

“बापाचं नावपण आलं?” त्यांनी विचारलं.

पूर्ण नाव लिहायचं तर ते येतंच, मी म्हणाले. पण सांगताना मला संकोच वाटला.

“येऊ दे,” हरीशभाई म्हणाले. “बाप होता त्याचा.”