पुरुषभर खाली गेलेली नदी

सर्व्हे सेक्शनात माझ्या टेबलावर शिवनाथ नदीचे विमानातून काढलेले फोटो असायचे. एक जोडी भिलाईत कारखाना यायच्या आधीची, दुसरी बऱ्याच वर्षांनंतरची. दोन्ही उन्हाळ्यातल्या, पात्र कोरडं असतानाच्या. जोडीतले फोटो शेजारी ठेवून दोन भिंगांतून पाहिलं की काठ वर उठतो, पात्र खाली बसतं आणि पट्टीने उंची मोजता येते. इतक्या वर्षांत नदी किती खाली गेली, ते आम्ही काढत होतो. काम बिनडोक नव्हतं, पण डोकं बधिर असलं तरी जमायचं.

दुसरी जोडी काढली त्याच वर्षी, पावसाळा सरल्यावर, धाकटा भाऊ त्या नदीत बुडाला. बाबांनीच त्याला पाठवलं होतं. "घाटापाशी घुटनाभरच पानी राहते. जा, आंघोळ करून ये." भंडाऱ्याहून नवे आले तेव्हा ते स्वतः तिथे आंघोळीला जात, असं सांगायचे. भाऊ गेल्यावर ते बोलेनासेच झाले. मीही रडलो नाही. ड्यूटीवर जायचो, यायचो.

घाटाजवळचं पात्र मोजलं तर ते पुरुषभर खाली गेलेलं निघालं. पुन्हा मोजलं, तेच. संध्याकाळी बाबांना सांगितलं, "नदीच खाली गेली होती, बाबा. तुमाले कसं समजन?"

 दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, पानठेल्यावर गेले आणि भेटेल त्याला हेच सांगू लागले.

आता नियम असा, की ज्या पक्क्या जागेवरून उंची धरायची ती आधी जाऊन पाहायची. मी घाटावरचा चबुतरा धरला होता आणि न जाताच 'पाहिला' लिहून मोकळा झालो होतो. भावाच्या दहाव्यानंतर तिकडे पायच वळत नव्हते. शेवटी साहेबांनी पिटाळलं. घाटावरचा म्हातारा नावाडी चबुतऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पूर आय के बाद एला ऊँच कराय हन, बाबू."

दोन फोटोंच्या मधल्या वर्षांत चबुतराच पुरुषभर वर गेला होता. पात्र होतं तिथेच होतं. तिथे गुडघाभर पाणी कधी नव्हतंच. बाबांच्या ध्यानात दुसरीच कुठली तरी जागा होती.

ऑफिसात आकडा खोडला, सही केली. घरी आलो तर बाबा शेजाऱ्यासोबत क्वार्टरच्या ओट्यावर बसले होते.

"सांग ना याईले, किती खाली गेली होती नदी?"

"पुरुषभर," मी म्हटलं.

शेजारी मान हलवत राहिला. बाबा म्हणाले, "पाहा, मी काय करनार होतो?" इतके महिने मला कशाचंच काही वाटलं नव्हतं. आता बाबांचा इतका राग आला की हात धुवायच्या निमित्ताने मोरीत गेलो आणि नळ सोडून तिथेच उभा राहिलो.