आईच्या दातांतला दोरा

बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर आई माझ्या ओढणीची टोकं सारखी करत उभी होती आणि बाबा डब्याचा नंबर पुन्हा पुन्हा वाचत होते. मी कॅनडाला निघाले होते. गाडी हलली तेव्हा आई एवढंच म्हणाली, "जेवत जाय माय वेळेवर."

अचलपूरला आमच्याकडे दातांचा विचार दात दुखल्यावरच व्हायचा. सकाळी मंजन, कधी निंबाची काडी, संपलं. टोरांटोत पहिल्यांदा डेंटिस्टकडे गेले, तर दात साफ करणाऱ्या बाईंनी विचारलं, रोज फ्लॉस करता का? मला शब्दच ठाऊक नव्हता. त्यांनी मेण लावलेला बारीक दोरा माझ्या बोटांना गुंडाळून दिला, दोन दातांच्या फटीत हळूच सरकवायला लावला, मग दाताला बिलगवून वरखाली. हिरड्यांतून रक्त आलं. मी घाबरले. "रोज करा, थांबेल," त्या म्हणाल्या. काही आठवड्यांत थांबलंही. परक्या देशात अंगवळणी पडलेली ती माझी पहिली सवय.

इकडे व्हिडिओ कॉलवर आई भाकर वरणात कुस्करून खाताना दिसायची. विचारलं की म्हणायची, "मले असंच आवडते." मग एकदा बाबा फोन घेऊन अंगणात आले. "तुयी आई धड जेवून नाई राहिली. दात हालतेत तिचे. तुले सांगू नको म्हणते."

माझ्यासारखे दूर गेलेले तुम्ही आई-बापांना काय जेवलात हे रोज विचारत असाल. कसं जेवतात, तेही बघत जा.

मी रजा काढून आले. दोघांना घेऊन एसटीनं अमरावती गाठली. तिथल्या डॉक्टर बाईंनी दोन दात काढावे लागतील म्हणून सांगितलं.

"म्हातारपणी दात जातेच," आई म्हणाली.

"नुसत्या वयानं नाही जात, काकू. फटीत घाण साचते, हिरड्या सुजतात, मग पकड सुटते. ब्रश तिथे पोचत नाही. मी साफ करून देते, पण पुढे रोज दोरा फिरवाल तर बाकीचे टिकतील."

घरी मी तिला शिकवायला बसले. संधिवातानं वाकलेल्या बोटांत दोरा राहीना. "जाऊ दे," म्हणत तिनं तो बाजूला ठेवला आणि डोळे पुसले. मग मीच करून देऊ लागले. पण माझं परतीचं तिकीट जवळ येत होतं.

एका संध्याकाळी बाबा हात धुऊन आले. उभ्या जन्मात त्यांनी पाण्याचा गिलास स्वतः भरून घेतला नव्हता. आईसमोर स्टूल ओढून ते मला म्हणाले, "दाखव मले, कसं करतेत ते."

आई लाजली. "लोक काय म्हणतीन?"

"लोक येऊन तुयी भाकर चावून देणार हायेत काय?"

मी दाखवलं तसा त्यांनी दोरा कापसात राबलेल्या जाड बोटांना गुंडाळला. आईनं डोळे मिटून तोंड उघडलं. मी उगाच स्वयंपाकघरात गेले.

आता इथे टोरांटोत सकाळ असते तेव्हा तिकडे संध्याकाळ झालेली असते. मी फोन लावते. बाबा उचलतात, "थांब जराशी, तुया आईचे दात करून राहिलो," म्हणतात आणि फोन भिंतीला टेकवून ठेवतात. मला समोरचं कपाट दिसतं, आणि ऐकू येतं, "आ कर. अजून." आई मधेच वैतागते. मला कामावर जायची घाई असते, तरी मी फोन ठेवत नाही. पूर्वी घर म्हटलं की मी तिथे नाही, हेच आधी आठवायचं. आता ती दोघं एकमेकांत गुंतलेली असतात, आणि मी उभ्यानं चहा पीत त्यांचं आटोपायची वाट बघते.